रस्त्याबद्दल पहिल्यांदाच सूचना किंवा हरकत देताय? आधी एवढं करून जा

काही वर्षांपूर्वी दौंड तालुक्यात एका रस्त्याच्या जनसुनावणीला मी पहिल्यांदा गेलो. मंडप भरलेला होता. एक गृहस्थ उठले आणि तावातावाने दहा मिनिटं बोलले. टाळ्याही पडल्या. पुढे इतिवृत्त हातात आलं तेव्हा त्या दहा मिनिटांची एकच ओळ झालेली दिसली: 'ग्रामस्थांनी वाहतुकीच्या अडचणी मांडल्या.'

त्यांच्यानंतर एक अंगणवाडीताई बोलायला उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं. शाळा रस्त्याच्या कुठल्या अंगाला, वस्ती कुठल्या अंगाला, किती मुलं किती वाजता रस्ता ओलांडतात आणि जवळचा किलोमीटरचा दगड कितवा, एवढंच त्यांनी वाचून दाखवलं आणि खाली बसल्या. मंचावरच्या अभियंत्यांनी ते पान मागून घेतलं, समोरचा नकाशा उलगडला आणि त्यावर पेन्सिलीने गोल केला. इतिवृत्तात ताईंच्या मुद्द्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी एकच सांगतो. अभियंत्याला नकाशावर बोट ठेवता येईल अशी सूचना लिहा. ती कशी लिहायची आणि कुठे द्यायची, ते आता क्रमाने सांगतो.

पहिलं काम: रस्ता कोणाचा ते शोधा

निम्मे अर्ज इथेच वाया जातात. खड्डा असतो जिल्हा परिषदेच्या रस्त्यावर आणि अर्ज जातो सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. मग महिन्याने 'सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही' असं पत्र हातात पडतं.

रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड बघा. डोक्यावर पिवळा पट्टा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. राष्ट्रीय महामार्गाचं काम काही ठिकाणी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण बघतं, तर काही ठिकाणी बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग रस्ते विकास महामंडळाचे. शिवरस्ता, पाणंद किंवा शेतात जायच्या वाटेचा वाद असेल तर तहसीलदारांकडे जायचं. अडवलेली वाट मोकळी करायला मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चं कलम 5 आहे आणि बांधावरून नवी वाट मागायला जमीन महसूल संहितेचं कलम 143. दोन्ही अर्ज वेगळे असतात, एकात एक मिसळू नका.

दगड सापडला नाही तर पंचायत समितीच्या उपअभियंत्यांकडे जा. गावच्या रस्त्यांचे क्रमांक त्यांच्या नोंदवहीत असतात. रस्त्याचा क्रमांक मिळाला की पुढच्या प्रत्येक कागदावर तोच लिहा.

दोन दगडांच्या मध्ये 2, 4, 6, 8 असे आकडे असलेले छोटे दगड दिसतात. ते दर 200 मीटरवर असतात. खात्याच्या भाषेत जागा 'कि.मी. 12/400' अशी लिहितात, म्हणजे बारावा किलोमीटर संपून 400 मीटर पुढे. 'पाटलांच्या मळ्याजवळचं वळण' आपल्याला कळतं, पुण्यात बसलेल्या माणसाला नाही. दोन्ही लिहा.

दुसरं: काम कुठल्या टप्प्यावर आहे आणि मुदत कधी संपते

रस्त्यावर मत द्यायच्या खिडक्या ठरलेल्या असतात. त्या उघडतात आणि बंदही होतात.

गावाभोवतीच्या भावी रस्त्यांची आखणी प्रारूप विकास योजनेत होते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 खाली ती प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मंजूर योजनेत किरकोळ बदल करायचा असेल तर कलम 37 ची नोटीस निघते, तिला एक महिना असतो. या नोटिसा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येतात, तेही आतल्या पानावर, बारीक अक्षरात. गावात एका माणसाने रोज ते पान चाळायचं असं ठरवून टाका. आमच्याकडे निवृत्त पोस्टमन काका हे करतात.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए) प्रारूप विकास योजना 2021 मध्ये जाहीर झाली तेव्हा 60 हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. एवढ्या ढिगात 'आमचा या रस्त्याला विरोध आहे' एवढंच लिहिलेला कागद कुठे जाईल, तुम्हीच बघा. गट क्रमांक, नकाशाचा भाग, रस्त्याची रुंदी आणि तुमचा पर्याय या चार गोष्टी असलेला कागद मात्र वेगळा काढता येतो. ती योजना पुढे शासनाने रद्द केली. ज्यांनी आपल्या अर्जाची प्रत आणि नकाशा जपून ठेवला, त्यांना नव्या योजनेच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जाणार असेल तर घाई करा. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 च्या कलम 3अ ची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून फक्त 21 दिवसांत, कलम 3क खाली हरकत द्यावी लागते, आणि ती जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे त्यालाच देता येते. इथे एक चूक फार जण करतात. या 21 दिवसांत मोबदल्याचं लिहीत बसतात. मोबदल्याचा टप्पा नंतर येतो. इथे प्रश्न असतो जमीन या कामासाठी घ्यावी की नाही, आखणी थोडी सरकवता येईल का, विहीर किंवा घर वाचवता येईल का. तेवढंच लिहा. आणि सातबाऱ्यावर अजून वारलेल्या आजोबांचं नाव असेल तर वारसनोंद आजच लावायला घ्या. ऐन सुनावणीत 'तुम्ही कोण' हा प्रश्न ऐकावा लागू नये.

मोठ्या महामार्गाला पर्यावरण मंजुरी लागत असेल तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी म्हणून अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी असतात, आणि 30 दिवस आधी जाहीर नोटीस द्यावी लागते. रस्त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्या अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत वाचायला मिळतो. तो वाचल्याशिवाय जाऊ नका. तुमच्या गावाचं नाव त्यात आहे का, ओढा दाखवलाय का, शाळा दाखवलीय का, एवढं तपासलं तरी दोन-तीन मुद्दे हाताला लागतात.

शहरातली गोष्ट वेगळी आहे. एकेरी वाहतूक, नो पार्किंग, जड वाहनांना बंदी असे बदल वाहतूक पोलीस बहुधा आधी प्रायोगिक तत्त्वावर करतात आणि हरकती-सूचनांसाठी तारीख देतात. लोक त्या दिवसांत फक्त वैतागतात, लिहून कोणी देत नाही. प्रयोग चालू असतानाच लिहायचं असतं.

कुठलीच खिडकी उघडी नसेल तर? ग्रामसभा आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा आपल्याला पाठ आहेत. विषय आधी लेखी द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो. 'ऐनवेळच्या विषयां'त टाकला की सभा उठायच्या घाईत जातो. कोरमसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमवून ठराव करा, नक्कल घ्या आणि ती अर्जाला जोडा. एकट्याच्या सहीपेक्षा ठरावाचं वजन जास्त. तालुक्याच्या लोकशाही दिनात तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याच्या लोकशाही दिनात पहिल्या सोमवारी निवेदन देता येतं, मात्र अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो.

तिसरं: स्वतः मोजा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, आणि याला पैसे लागत नाहीत.

वाहनं मोजायला दोन माणसं, वही आणि घड्याळ पुरतं. फाट्यावरच्या टपरीच्या बाकावर सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी चार ते सात बसा. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, आपण खळ्यावर पोती मोजतो तशीच. दुचाकी, मोटार, टेम्पो, ट्रक-बस, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि बैलगाडी यांचे वेगळे रकाने करा. दर पंधरा मिनिटांनी आडवी रेघ मारा. साध्या दिवशी एकदा मोजा आणि बाजारच्या दिवशी पुन्हा.

रकाने वेगळे का, तर इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने प्रत्येक वाहन किती मोटारींइतकं धरायचं ते ठरवलेलं आहे. ग्रामीण रस्त्यासाठी मोटार 1, दुचाकी 0.5, ट्रक किंवा बस 3, ट्रॅक्टर-ट्रॉली 4.5 आणि बैलगाडी 8. तासाला 40 उसाच्या ट्रॉल्या गेल्या तर कागदावर त्या 180 मोटारी होतात. दहा बैलगाड्या म्हणजे 80. 'वाहनं फारशी नाहीत' म्हणून ज्या रस्त्याची रुंदी नाकारली जाते, तिथे हा गुणाकार करून द्या.

दुसरी गोष्ट हंगामाची. खात्याची वाहनमोजणी निकषाप्रमाणे वर्षातून दोनदा, सलग सात दिवस करायची असते, आणि त्यातली एक शेतमालाच्या हंगामात. तुमच्या रस्त्याची मोजणी नेमकी पावसाळ्यात झाली असेल तर तिच्यात कारखान्याची एकही ट्रॉली येणार नाही. म्हणून विचारा की मोजणी कोणत्या तारखांना झाली. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात हे विचारता येतं. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत लागतो, उत्तराची मुदत 30 दिवस. मी ज्या रस्त्याबद्दल हे विचारलं होतं, त्याची मोजणी ऑगस्टमधली निघाली. आमच्या पुढच्या अर्जाचा पहिला मुद्दा तोच झाला.

आता उंचीचं सांगतो. पुण्याहून दौंडकडे महामार्ग आणि रेल्वे बराच पट्टा शेजारी-शेजारी जातात, त्यामुळे आमच्याकडे अर्धा प्रश्न फाट्याचा आणि अर्धा फाटकाचा. फाटक बंद करून खालून भुयारी मार्ग देतो म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. आम्ही जानेवारीत भरलेली एक ट्रॉली काट्यावर जायच्या आधी थांबवली, शेजारी बांबू उभा धरला, वरच्या मोळीला टेकेल तिथे खूण केली आणि बांबू आडवा टाकून टेपने मोजला. पावणेचार मीटर भरले. दुसरी ट्रॉली त्याहून वीतभर उंच निघाली. महामार्गाच्या नव्या निकषांत वाहनांच्या मोठ्या भुयारी मार्गाची उंची साडेपाच मीटर आहे आणि हलक्या वाहनांच्या भुयाराची चार मीटर. चार मीटरमधून आमची ट्रॉली आज कशीबशी जाईल. पण खालच्या रस्त्यावर डांबराचे एक-दोन थर चढले की वरचा ऊस घासणार, आणि हार्वेस्टरची तर वेगळीच कथा. म्हणून 'भुयारी मार्ग द्या' एवढं लिहू नका. किती रुंद, किती उंच आणि पावसाचं पाणी कुठल्या ओढ्याला काढायचं, ते लिहा. पाण्याचं तर आवर्जून लिहा. जुलैत कमरेइतकं पाणी साचलेल्या भुयाराचे फोटो प्रत्येक तालुक्यात मिळतील.

पायी ओलांडणाऱ्यांचंही मोजा. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात, म्हणजे 15 मीटर रस्त्याला साडेबारा सेकंद. डोक्यावर भारा घेतलेली बाई किंवा काठी टेकणारे आजोबा तेवढ्यात पोचतात का, ते मोबाईलच्या घड्याळावर बघा आणि आकडा लिहा.

अपघातांची नोंदही हवी. राष्ट्रीय महामार्गावर साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले, किंवा 10 मृत्यू झाले, तर ती जागा अपघातप्रवण ठिकाण धरली जाते. पोलीस ठाण्यातून गुन्हा नोंद क्रमांक आणि तारखा घ्या. 'रोज अपघात होतात' या वाक्यापेक्षा तारखांची यादी कितीतरी पुढे नेते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्या बैठकीत पोलीस, परिवहन आणि बांधकाम ही सगळी खाती एकत्र बसतात. ही यादी तिथे पाठवा.

चौथं: लिहायचं कसं

एक कागद, एक जागा, एक मागणी. पाच फाटे असतील तर पाच अर्ज. नमुना असा:

'विषय: प्रमुख जिल्हा मार्ग, कि.मी. 12/400, शाळेजवळील चौक. सद्यस्थिती: सकाळी 9.30 ते 10.30 या वेळेत 140 विद्यार्थी रस्ता ओलांडतात. वळणामुळे पूर्वेकडून येणारे वाहन 40 मीटरवर आल्यावरच दिसते. मागणी: वळणाच्या आतील बाजूची झुडपे व अतिक्रमण काढून दृष्टिपथ मोकळा करावा, पादचारी पट्टे व सूचनाफलक लावावेत. पर्याय: हे शक्य नसल्यास ओलांडण्याची जागा पश्चिमेला 60 मीटर सरकवावी. सोबत: हाताने काढलेला नकाशा, मोजणीची पाने, तारखेसह फोटो, ग्रामसभा ठराव.'

बस एवढंच. 'मायबाप सरकार'ची गरज नाही आणि 'अन्यथा रास्ता रोको'चीही पहिल्या अर्जात गरज नाही.

गतिरोधकाची मागणी जपून करा. आपली पहिली मागणी नेहमी तीच असते, पण राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक बसत नाहीत आणि तेवढ्यावर अख्खा अर्ज निकाली निघतो. तिथे थरथराट करणाऱ्या पट्ट्या, दिवा, सेवा रस्ता किंवा दुभाजकातली ओलांडायची जागा बदलणं असं काही मागा. दुभाजक तोडून कट द्या असं मागण्याआधीही थांबा. जवळचा कट बंद झाला की दोन किलोमीटरचा वळसा पडतो आणि माणसं उलट्या दिशेने गाडी घालतात, हे खरंच. पण नव्या कटवर भरधाव गाड्यांसमोर ट्रॉली आडवी उभी राहते, हेही तितकंच खरं. पुढच्या भुयारापर्यंत दोन्ही बाजूंना अखंड सेवा रस्ता मिळाला तर कट लागतच नाही. माझा कौल सेवा रस्त्याला.

अर्ज तुमच्याच शब्दांत लिहा. छापील मजकुराखाली दोनशे सह्या घेतल्या तर त्या एकच हरकत म्हणून धरल्या जाऊ शकतात. वीस घरांनी आपापल्या गटाची, आपापल्या अडचणीची वीस पानं दिली तर वीस सुनावण्या होतात.

पाचवं: पोच

दोन प्रती न्या. आवक-जावक टेबलावरच्या भाऊसाहेबांकडून तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. 'ठेवून जा, साहेबांना देतो' म्हणाले तर नम्रपणे थांबा. मी एका कार्यालयात असाच विश्वासाने कागद ठेवून आलो होतो. मुदत संपल्यावर कळलं की आवक नोंदवहीत माझं नावच नाही. मोजणीचे चार दिवस, ठराव, नकाशा, सगळं गेलं. आता मी शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. गावाहून जाणं जमत नसेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसावर विसंबू नका.

सुनावणीच्या दिवशी

बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. पहिल्या वाक्यात आवक क्रमांक आणि जागा सांगा, दुसऱ्यात आकडा, तिसऱ्यात मागणी. उरलेल्या वेळात प्रश्न घ्या. समोरचे 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' म्हणाले तर कारण विचारा आणि 'हे इतिवृत्तात घ्यावं' असं स्पष्ट म्हणा. पर्यावरणाच्या जनसुनावणीत कार्यवृत्त शेवटी तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि चित्रीकरणही होतं. लोक आपलं बोलून झालं की जेवायला निघून जातात. तुम्ही शेवटपर्यंत थांबा, कारण चुकीचं लिहिलेलं दुरुस्त करून घ्यायची ती एकच वेळ असते.

बायकांना बोलायला लावा. पाणी, शाळा, दवाखाना, बसथांबा यांसाठी रस्ता रोज पायी ओलांडणाऱ्या त्याच आहेत, आणि मंडपात मागच्या सतरंजीवरही त्याच बसलेल्या असतात.

मागणी मंजूर झाल्यावर

इथे बहुतेक जण सुटकेचा श्वास टाकतात आणि फाईल कपाटात ठेवतात. थोडं थांबा. मंजूर झालेल्या कामाचा आराखडा माहिती अधिकारात मागा. याच कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे नमुने घ्यायचाही हक्क आहे. आराखड्यावर भुयाराची रुंदी-उंची, सेवा रस्ता कुठून कुठपर्यंत आणि गटाराचा उतार कुठल्या दिशेला, एवढ्या तीन गोष्टी बघा. आमच्याकडे सेवा रस्ता मंजूर होता, पण आराखड्यात तो ओढ्याच्या मोरीपाशी तुटलेला होता. मोरी रुंद करायची तरतूदच नव्हती. काम सुरू होण्याआधी दिसलं म्हणून पुन्हा पत्र देता आलं.

ठेकेदाराची माणसं चुन्याच्या रेघा मारायला येतील त्या सकाळी तिथे हजर राहा. टेप, आराखड्याची झेरॉक्स आणि तो बांबू बरोबर न्या.